न मागता दिसलेले खेळ

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे टीव्हीवरची खेळांची मिसळ. म्हणजे एकाच कार्यक्रमात थोडं ॲथलेटिक्स, थोडं बॉक्सिंग, मध्येच बर्फावरून उड्या. आज प्रत्येक खेळाला वेगळा चॅनेल आणि वेगळं ॲप आहे, त्यामुळे हा प्रकार आपण जवळपास विसरलोय. पण त्याचा इतिहास मजेशीर आहे, आणि तो शेवटी आपल्या खो-खोपर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. २९ एप्रिल १९६१ ला एबीसीवर 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' सुरू झाला. तिथल्या तीन बड्या नेटवर्कांमध्ये एबीसी म्हणजे तेव्हा कच्चं लिंबू. मग निर्माता रून आर्लेजने जे कुणीच दाखवत नव्हतं तेच दाखवायचं ठरवलं. यातली इंजिनिअरिंगवाली गंमत बघा. व्हिडिओटेप १९५६ पासून हाताशी होती, पण सॅटेलाइटवरून थेट प्रक्षेपण अजून यायचं होतं. गाजलेल्या सामन्याचा निकाल पेपरात छापून आल्यावर त्याची टेप कोण बघणार? पण ज्या खेळाचा निकाल कुणाला ठाऊकच नाही, त्याची टेप विमानाने आणून नंतर दाखवली तरी ती ताजीच!

आता निकाल माहीत नाही, तसे खेळाडूही माहीत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे आधी माणूस दाखवायचा, हा कोण, कुठला, काय करतो, आणि मग त्याचा खेळ. एकदा माणूस ओळखीचा झाला की नियम न कळताही आपण त्याच्या बाजूने ओरडायला लागतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे विन्को बोगाताय. युगोस्लाव्हियाचा हा स्की-जंपर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला भयानक आपटला. जिवावर बेतलं नाही, पण ती पडण्याची दृश्यं कार्यक्रमाच्या शीर्षकात हरल्याचं दुःख दाखवायला वापरली गेली आणि वर्षानुवर्षं दर आठवड्याला अमेरिका त्याला पडताना बघत राहिली. बिचाऱ्याला पत्ताच नाही! १९८१ मध्ये कार्यक्रमाच्या विसाव्या वाढदिवसाला त्याला बोलावलं, तेव्हा खुद्द मुहम्मद अलीने त्याची सही मागितली :)

आपल्याकडे ही मिसळ एका कार्यक्रमात मावत नव्हती, कारण अख्खं दूरदर्शनच तशी मिसळ होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं बहुतेक घरांत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. १९८२ च्या दिल्ली एशियाडबरोबर रंग आले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर हर्डल्सचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकलं. १९८६ चा फुटबॉल वर्ल्ड कप घराघरात पोचला. बाबा सांगतात, आमच्या घरात फुटबॉलचा ओ की ठो कुणाला कळत नव्हता, पण त्या महिन्यात आजीलासुद्धा मॅराडोना माहीत झाला. त्याला कुणी शोधलं नव्हतं. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, म्हणून तो दिसला.

मग चित्र बदललं. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सुप्रीम कोर्टात गेला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. स्टार आणि ईएसपीएनने क्रिकेट आणलं, भरपूर आणलं. तिकडे अमेरिकेत एबीसीनेच १९८४ मध्ये ईएसपीएन विकत घेतलं होतं. घरातच चोवीस तासांचं स्पोर्ट्स चॅनेल आल्यावर आठवड्याच्या कार्यक्रमाला कोण विचारतो? १९९८ मध्ये 'वाइड वर्ल्ड' बंद झाला. बीबीसीचा १९५८ पासूनचा 'ग्रँडस्टँड' २००७ मध्ये गेला.

म्हणजे जुनं ते सोनं का? तसंही नाही. मिसळीत काय घालायचं ते वाढणारा ठरवतो. कबड्डी १९९० च्या बीजिंग एशियाडपासून पदकाचा खेळ, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण आपलं. तरी टीव्हीवर तिची खरी पाळी आली ती २६ जुलै २०१४ ला, वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा. मी अकरावीत होतो. मॅट, लाइट्स, तीस सेकंदांचं घड्याळ, 'डू ऑर डाय' रेड, आणि प्रत्येक रेडरची गोष्ट. सगळी आर्लेजचीच रेसिपी! शाळेत पीटीच्या तासाला जिला आम्ही नाकं मुरडायचो, तीच कबड्डी वर्गातली पोरं रात्री जागून बघायला लागली.

पण प्रत्येक खेळाला अशी लीग परवडत नाही. आणि ॲपचं गणित साधं आहे, काल क्रिकेट बघितलंत, आज अजून क्रिकेट घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही कप भारताने जिंकले. दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. हापिसात लंचला सहज विचारलं, तर आमच्या टेबलावर एकालाही नावं सांगता आली नाहीत. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला इथे नेरूळला महिलांचा क्रिकेट वर्ल्ड कप आपण जिंकला, त्याच्या स्कोअरसकट आठवणी सगळ्यांना पाठ.

असो. कुणीतरी मराठीत आठवड्याला एक तास काढावा, एवढीच मागणी आहे. पहिल्या भागाची यादी माझ्याकडे तयार आहे: कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा फुटबॉल, शिवाजी पार्कातला मल्लखांब, धरमतर ते गेटवे पोहणारी पोरं, आणि खो-खोत खांबाजवळ बसलेला तो शेवटचा गडी. फक्त आधी त्याचं नाव, गाव आणि तो काय करतो ते सांगा. बघायचं काम आमच्याकडे लागलं.