शिलेदार, बारगीर आणि शिपाई : शस्त्रविद्येचा खर्च कोणी सोसावा?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड ही दोन गावे आहेत. पहिल्याचे नाव इंग्रजी अमलातील घोडदळाच्या छावणीशी जोडलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी आज राज्य राखीव पोलीस दलाचे 5 व 7 क्रमांकांचे गट आहेत. शस्त्रधारी सेवकाने स्वतःच्या पदरखर्चाने मिळविलेल्या कौशल्याचा भार धन्याने उचलावा की नाही, हा प्रश्न अलीकडे परदेशांतील पोलीस खात्यांत चर्चिला जातो. तो या मुलखास नवा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा व हत्यारे सरकारातून मिळत. शिलेदार ती स्वतःची आणी आणि त्या मानाने अधिक मुशाहिरा घेई. शिवछत्रपतींचा कल सरकारी पागेकडे होता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर हजारी, अशी रचना सभासदाने नोंदली आहे. या कलामागील तर्क उघड आहे. ज्याचे जनावर त्याची मर्जी. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची उपजीविकाच पडे, म्हणून ऐन धुमश्चक्रीत तो घोडा जपण्याचा मोह त्यास होणे स्वाभाविक होते.

पेशवाईत शिलेदारीचे प्रमाण वाढले. मोहिमेपूर्वी सरदार व शिलेदारांस तयारीसाठी आगाऊ रक्कम देण्याचा प्रघात होता. तिला नालबंदी म्हणत. पतन पावलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशीची तरतूद होती. म्हणजे साधनाचा आणि प्राणहानीचा भार दौलत काही अंशी उचलीत असे. परंतु भाला फेकण्याची, पट्टा फिरविण्याची वा घोडदौडीची विद्या ज्या आखाड्यात अथवा घरी शिकली जाई, तिचा वेगळा हिशेब या व्यवस्थेत नव्हता. नालेचा खर्च मान्य. हाताच्या सफाईचा खर्च मुशाहिऱ्यातच गृहीत.

1817 च्या पुणे तहानंतर उभारलेल्या पुणे सहायक घोडदळाने हीच पद्धती चालू ठेवली. कोरेगावच्या 1 जानेवारी 1818 च्या लढाईसाठी आदल्या रात्री शिरूरहून निघालेल्या तुकडीत त्यातील सुमारे अडीचशे स्वार होते. पुढे शिरूर हे पुणे हॉर्सचे ठाणे झाले. शिलेदारी पलटणीत शिपायाची जागा ही एक प्रकारची मिळकत असे. तिला असामी म्हणत. मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घेण्यासाठी स्वारांच्या वर्गणीतून चंदा नावाचा निधी चाले. शांततेच्या काळी ही व्यवस्था स्वस्त ठरली. पहिल्या महायुद्धात ती कोलमडली, कारण दूरच्या रणभूमीवर घोडे आणि माणसे यांची भरती व्यक्तिगत ऐपतीवर चालेना. 1921 च्या सुमारास ती मोडीत निघाली.

गावपातळीवर तिसरी रीत होती. दौंड ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असे, तेथे आणि शिरूर भागातही रखवालीचे काम रामोशी करीत. मोबदला वतनी जमीन व गावकीचा हक्क. शिक्षण मात्र बापाकडून मुलास. येथे राज्य कौशल्यास पैसा न देता त्याच्या वारशास मान्यता देई. हे हक्क हिरावले गेले की तेच कौशल्य राज्याविरुद्ध उभे राही. उमाजी नाईकाचे बंड व 1832 मधील त्याची फाशी ही याची साक्ष होय.

आधुनिक पोलीस दलाने बारगिराचा मार्ग पत्करला. 1906 साली पुण्यानजीक भांबुर्ड्यास निघालेली पोलीस प्रशिक्षण शाळा 1909 मध्ये नाशिकला गेली. राज्य राखीव दल 1948 मध्ये उभे राहिले व त्याचा कायदा 1951 मध्ये झाला. दौंडजवळ नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. शिकणारा उमेदवार पगारावर असतो. हत्यार, मैदान व वस्ताद सरकारचे. परंतु कुस्ती, लाठी वा ज्युदो यांचा सराव सेवेत शिरल्यावर सुटला तर विद्या गंजते. तो सराव जो आपल्या वेळात व आपल्या पैशाने बाहेरच्या तालमीत चालू ठेवतो, तो अर्धा शिलेदारच होय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या मारिएटा शहराने 2019 पासून नव्या पोलिसांना खासगी शाळेत ज्युजुत्सु शिकविण्याचा खर्च स्वतः सोसला आणि पुढे ती सोय इतरांस खुली केली. ही एका अर्थी नालबंदीच. फरक एवढाच की ती घोड्याऐवजी अंगबळास लागू झाली.

शिलेदारीचा इतिहास येथे दुहेरी इशारा देतो. खर्च सेवकावर टाकला तर ज्याची ऐपत तोच कुशल राहतो, आणि इजा झाल्यास ती त्याची खासगी बाब ठरते. उलट भरपाई दिली तर वस्ताद कोण, पद्धत कोणती व बळाची मर्यादा काय, हे विचारण्याचा अधिकार धन्यास येतो. लाठीचा वार ज्या नागरिकाच्या पाठीवर पडतो त्याच्या दृष्टीने हा अधिकारच सर्वांत महत्त्वाचा. खर्च कोणी दिला या प्रश्नामागे, बळाचा जाब कोणी द्यावयाचा, हा खरा प्रश्न दडलेला आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील नालबंदीचे कागद या दृष्टीने पुन्हा चाळले गेले, तर शिरूर-भीमथडीच्या लष्करी इतिहासाबरोबर आजच्या पोलीस प्रशासनाच्या विचारासही त्यांचा उपयोग होईल.