बाप, भाकर, कैवारी

ख्रिस्ती दृढीकरणाच्या ('कन्फर्मेशन'च्या) वर्गात बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'देव कसा आहे?' असं विचारलं, की उत्तर बहुधा पाठ असतं : सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, सर्वव्यापी. उत्तर चूक नाही. पण यातला एकही शब्द ते मूल घरी, मैदानावर किंवा शिकवणीच्या वाटेवर कधी उच्चारत नाही. इथलं पिपरी मेघेच घ्या. ते आता वर्धा शहराला इतकं चिकटलंय, की गाव कुठं संपलं ते कळत नाही. इकडे ख्रिस्ती घरं मोजकीच. त्या घरांतली मुलं शाळेत हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रांशेजारी बसतात आणि खरा प्रश्न त्यांना त्या बाकावर येतो : 'तुमचा देव कसा असते बे?' तिथं पाठ केलेली तीन विशेषणं पुरत नाहीत.

मला वाटतं, या वयाच्या मुलांना देवाची व्याख्या देण्याआधी देवाची नावं द्यावीत. मराठी बायबलात आणि ख्रिस्ती बोलीत ती भरपूर आहेत. चारशे वर्षांत कुणीकुणी जीव ओतून ती निवडली आहेत. एकेक उघडून पाहिलं, तर मुलं आपणहून विचार करू लागतात.

'सर्वशक्तिमान'च्या शेजारी 'सर्वसमर्थ' हा शब्द ठेवून पाहा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्यांचा हा प्रचंड ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता, कारण नागरी खिळे तिथं नव्हते. प्रश्न विचारणारे श्रोते आणि उत्तरं देणारा पाद्री-गुरू अशा संवादातून हे पुराण पुढे सरकतं, म्हणजे मराठीतल्या ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमालाच प्रश्नांचं स्वागत आहे. त्याच्या पहिल्याच नमनात देवाला 'बाप' म्हटलं आहे आणि 'सर्वसमर्थ'ही म्हटलं आहे. आजच्या मराठी बायबलातही अब्राहामाला दर्शन देणारा देव 'सर्वसमर्थ' आहे. शक्तीचा हिशोब मांडला, की चौदा वर्षांचा मुलगा लगेच विचारतो, देवाला स्वतःला उचलता येणार नाही असा दगड त्याला घडवता येईल का? प्रश्न चांगला आहे, पण तो वजनकाट्याचा आहे. 'समर्थ' हा शब्द मराठीत वेगळा वागतो. 'काळजी करू नको, मी समर्थ आहे' असं घरातलं मोठं माणूस म्हणतं, तेव्हा ते ताकद मोजत नसतं, जबाबदारी घेत असतं. मुलांना हा फरक सांगावा लागत नाही. दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले की तो त्यांना दिसतो.

खुद्द 'देव' हा शब्द 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या धातूचा. लॅटिनमधला 'देउस' त्याचाच भाऊ. ऋग्वेदातला 'द्यौष्पिता' आणि रोमनांचा 'ज्युपिटर' हेही मुळात एकच नाव : आकाश-बाप. इस्राएलाचा देव मात्र या कुळातला नाही. त्याचं हिब्रू नाव चार व्यंजनांचं. यहुदी ते नाव उच्चारतच नसत, त्याऐवजी 'प्रभू' म्हणत. जुन्या छापील मराठी बायबलांत ते 'यहोवा' असं भेटतं, आताच्या प्रचलित बायबलात 'परमेश्वर' असं. पिपरी मेघेहून फार लांब नसलेल्या पवनारला, धाम नदीच्या काठी, राहणाऱ्या विनोबांनी सर्व धर्मांतली ईश्वराची नावं एका प्रार्थनेत ओवली. त्यात यहुद्यांच्या देवासाठी त्यांनी 'यह्व' हा शब्द घेतला. तो मूळचा वैदिक, अग्नीला लावलेला. अर्थ थोर, न थांबणारा. ध्वनी हिब्रूशी जुळतो, अर्थ वेदांतून येतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीनं दोन शब्दांचं नातं नाही. पण जळतं झुडूप आणि त्यातून बोलणारा देव ही मोशेची गोष्ट ज्या मुलांनी ऐकली आहे, त्यांना अग्नीचं विशेषण या नावाजवळ आलेलं पाहून नवल वाटल्यावाचून राहणार नाही. वर्ध्याच्या मुलांना तर हे घरचंच धन आहे. त्यांना एकदा पवनारला न्यावं.

आता 'बाप'. इथं मला जरा थांबायचं आहे.

प्राकृतातल्या 'बप्प'पासून आलेला हा शब्द मराठीत फार जुना आहे आणि देवासाठीही जुना आहे. ज्ञानदेवांच्या कितीतरी अभंगांची मुद्रा 'बापरखुमादेवीवरु' अशी आहे. वारकऱ्यांचा विठ्ठल 'मायबाप'च. त्यामुळे 'देव बाप' हे शब्द मराठी कानाला परके कधीच वाटले नसावेत. आजच्या बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'पिता' आहे, तो शब्द आदराचा आहे. पण तो कागदावर राहतो. घरी हाक कुणी 'पित्या' अशी मारत नाही. येशूच्या तोंडचा मूळ अरमायिक शब्द 'अब्बा' असा. नव्या करारात तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा ग्रीक मजकुरात जसाच्या तसा ठेवलेला. तो रोजच्या घरातला शब्द होता, लहान-मोठी सगळीच लेकरं वापरत तो. अरबीतला 'अब' त्याचा भाऊबंद आणि उर्दूतला 'अब्बा' त्याच सेमिटिक कुळातला. म्हणजे वर्गातला मुसलमान मित्र संध्याकाळी घरी जाऊन ज्या शब्दानं वडिलांना हाक मारतो, त्याच्या अगदी जवळच्या शब्दानं येशूनं गेथशेमाने बागेत देवाला हाक मारली. मुलांना हे सांगा आणि त्यांचे चेहरे पाहा.

आणखी एक गोष्ट मराठीच दाखवू शकते. आपल्या बऱ्याच घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही'. पण प्रार्थनेत देव बाप असूनही 'तू' आहे. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही खूण सापडणार नाही, कारण तिथं सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठी मुलानं मात्र विचारावं, की जो सर्वसमर्थ, ज्याला नमन, त्याला मी आईसारखं एकेरीत का बोलावतो? माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेचा अर्धा गाभा या एका सर्वनामात आहे. नारायण वामन टिळकांना तो कळला होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं ख्रिस्ताला 'माउली' म्हटलं, वारकऱ्यांचा शब्द जराही न संकोचता. हे फक्त कवीचं स्वातंत्र्यही नव्हे. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःची तुलना लेकराचं सांत्वन करणाऱ्या आईशी करतो.

आणि देव आईसारखाही आहे हे सांगणं गरजेचं आहे, कारण 'बाप' हा शब्द प्रत्येक मुलाला ऊब देत नाही. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यात वर्धा होता. या जिल्ह्यात वर्ग घेणाऱ्यानं गृहीत धरावं, की समोर बसलेल्यांत एखाद्याचा बाप कर्जापायी गेलेला असेल, एखाद्याचा दारूत बुडालेला असेल. त्या मुलाला 'देव बापासारखा आहे' असं घाईनं सांगू नये. त्याच्यासाठी बायबलानं दुसरा शब्द राखून ठेवला आहे.

तो शब्द 'कैवारी'. स्तोत्रांत देव पोरक्यांचा बाप आहेच, पण विधवांचा कैवारीही आहे. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात येशू निरोप घेताना पवित्र आत्म्याबद्दल बोलतो, तिथंही मराठी भाषांतरकारांनी हाच शब्द घातला. मूळ ग्रीक 'पाराक्लेतोस', म्हणजे शेजारी येऊन उभं राहण्यासाठी बोलावलेला, न्यायालयात आपल्या बाजूनं बोलणारा. इंग्रजीत कुणी त्याला सांत्वन करणारा म्हटलं, कुणी सल्लागार, कुणी वकील. 'कैवार घेणं' यात तिन्ही आलं आणि वर भांडणात उडी घेण्याची तयारीही आली. शाळेत एकट्या पडलेल्या पोराचा कैवार घेणारा मित्र कोण, हे तेरा वर्षांच्या मुलाला नेमकं ठाऊक असतं. पवित्र आत्मा म्हणजे काय, हे समजवायला कबुतराच्या चित्रापेक्षा मला हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. स्टीफन्सनं इथं परभाषेतलंच नाव ठेवून 'स्पिरितु सांतु' म्हटलं होतं. पुढच्यांनी मराठी शब्द शोधला, हे आपलं भाग्य.

'भाकर' हाही असाच. प्रभूच्या प्रार्थनेत मागितलेली रोजची भाकर आणि स्वतःला 'जीवनाची भाकर' म्हणवणारा येशू. भाषांतरकारांनी 'अन्न' असं गुळगुळीत लिहिलं नाही, पोर्तुगीजांकडून आलेला 'पाव'ही घेतला नाही. ज्वारीच्या मुलखात देव भाकरीच्या नावानं आला. त्या 'रोजची'मागचा ग्रीक शब्द इतका विरळा, की त्याचा अर्थ आजची, उद्याची की पुरेशी, यावर विद्वान अजून वाद घालतात. मुलांनाही घालू द्यावा. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. येशूचं आचरण आणि शिकवण यांवरच्या त्यांच्या पुस्तकाला १९४५ साली गांधीजींनी प्रस्तावना लिहिली. भाकर आणि भक्ती या दोन वेगळ्या गोष्टी कुमारप्पांनी कधी मानल्या नाहीत.

काही शब्दांबाबत मात्र सावध राहायला हवं. 'तारण' म्हटलं की आजच्या मुलाच्या डोळ्यांपुढे सोनेतारण कर्ज किंवा बाजार समितीतली शेतमाल तारण योजना येते. कर्जातल्या आणि बायबलातल्या, दोन्ही 'तारण'चं मूळ 'तृ', म्हणजे तरून जाणं, पार होणं; तरी 'तारणारा' हा शब्द मुलांपुढे ठेवताना नदी पार करून देणारा असं आधी सांगावं लागतं. 'प्रीती' त्यांना सिनेमाच्या गाण्यातली वाटते. त्यांना सांगा, की प्रीती, प्रिय आणि इंग्रजीतला 'फ्रेंड' ही एकाच जुन्या धातूची लेकरं आहेत. मग देव प्रीती आहे हे वाक्य त्यांच्या जवळ येतं.

हे सोपेपण कष्टानं मिळतं. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी. पण बायबलाच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आपल्याला येणारी जड संस्कृत शब्दकळा जाणूनबुजून बाजूला ठेवली, कारण वाचणारी खेड्यातली बाई त्यांच्या डोळ्यांपुढे होती. काम संपवून त्या १९२२ साली गेल्या. ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशननं पुढे छापलं. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केलं. नावातच हेतू आहे.

वर्ग घेणाऱ्यांना आणि आईवडिलांना माझी एक विनंती आहे. या वर्षी पहिल्या दिवशी व्याख्या पाठ करून घेऊ नका. समर्थ, बाप, माउली, कैवारी, भाकर हे पाच शब्द फळ्यावर लिहा, प्रत्येक मुलाला त्यातला एक निवडू द्या आणि तो का निवडला हे शांतपणे ऐकून घ्या. जो 'बाप' टाळील, त्याच्याशी वर्ग सुटल्यावर आधी बोला.