पाव्हणा, घरचं पोट्टं आणि विदर्भाचा एक सीझन

२०२५ च्या दसऱ्याला मी अकोल्यात होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसने आदल्या दिवशी पोचलो. घरात शिरलो तर मामा मोबाइल तांब्याला टेकवून मॅच बघत बसलेले. नागपूरला इराणी कप, विदर्भ विरुद्ध शेष भारत. "ये रे, बस. आपला अथर्व खेळून रायला," एवढंच म्हणाले. चहा वगैरे नंतर.

आपला म्हणजे अथर्व तायडे. जन्म अकोल्याचा, २००० सालचा. त्या डावात त्याने १४३ केले, विदर्भाने सामना ९३ धावांनी जिंकला आणि मॅन ऑफ द मॅचही तोच ठरला. मामांनी संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, जणू काही त्यांनीच नेट प्रॅक्टिस दिली होती :)

पण मला आठवत होती त्याच मैदानावरची सात महिन्यांपूर्वीची मॅच. २०२४-२५ ची रणजी फायनल. त्या अकरा जणांत अथर्व नव्हता.

या दोन मॅचेसच्या मधे विदर्भाच्या क्रिकेटची अख्खी गोष्ट आहे असं मला वाटतं. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

आधी सीझन. साखळीत सातपैकी सहा विजय. क्वार्टर फायनलला तामिळनाडूवर १९८ धावांनी, सेमी फायनलला मुंबईवर ८० धावांनी मात. मुंबईचा विजय जास्त गोड, कारण वर्षभरापूर्वी वानखेडेवर फायनलमध्ये याच मुंबईने आपल्याला १६९ धावांनी हरवलं होतं. मग केरळविरुद्ध फायनल. सुरुवातीलाच ३ बाद २४. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिश १५३, करुण ८६. विदर्भ ३७९, केरळ ३४२. ३७ धावांची आघाडी पुरली. दुसऱ्या डावात करुणने १३५ ठोकून उरलीसुरली शंका मिटवली. मॅच ड्रॉ, कप आपला. तिसरा.

आकडे बघा. यश राठोड ९६० धावा, करुण ८६३, दानिश ७८३. आणि हर्ष दुबे, ६९ विकेट्स! रणजीच्या एका सीझनमध्ये इतक्या विकेट्स आजवर कोणीच घेतल्या नव्हत्या. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८.

इथवर सगळं छान. आता जरा मागे जाऊ.

विदर्भ या नावाने संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. त्याआधी सी. पी. अँड बेरार. त्यातला बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. गंमत म्हणजे माणसं बाहेर जाण्याची परंपरा तेव्हापासूनची. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी रणजी गाजवली ती इंदूरच्या होळकर संघाकडून. आमच्या आयटीत त्याला अ‍ॅट्रिशन म्हणतात. आणि विदर्भाने पहिली रणजी जिंकली तीही इंदूरच्या होळकर स्टेडियमवरच, २०१८ च्या १ जानेवारीला. साठ वर्षं लागली.

तो पहिला कप कसा आला? २००८ पासून जामठ्याचं स्टेडियम होतं, २००९ पासून अ‍ॅकॅडमी. तिथे तयार झालेली मुलं होती. कप्तान फैज फजल घरचा, त्या सीझनला त्याच्या ९१२ धावा. जोडीला पाहुणे: मुंबईचा वसीम जाफर, कर्नाटकचा गणेश सतीश. कोच चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. म्हणजे फॉर्म्युला साधा. बोलिंग घरची, अनुभव उसना.

त्या फायनलचा हिरो रजनीश गुरबानी. इंजिनिअरिंगची डिग्री असलेला फास्ट बोलर (आमच्या जमातीतला माणूस, त्यामुळे ऑफिसात मी मिठाई वाटली होती). फायनलमध्ये हॅटट्रिक. रणजी फायनलमधली ती फक्त दुसरी, पहिली १९७२-७३ ची. हॅटट्रिकचा तिसरा बळी होता दिल्लीचा ध्रुव शोरी, १४५ वर.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध दुसरा कप. हिरो डावखुरा स्पिनर आदित्य सरवटे. सामन्यात ११ विकेट्स, पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच खिशात, १ आणि ० वर.

आता २०२५ च्या फायनलचं स्कोअरकार्ड परत उघडा. विदर्भाचा ओपनर कोण? ध्रुव शोरी, तोच. २०२३-२४ पासून आपल्याकडे. आणि केरळकडून ७९ धावा करून आपला जीव टांगणीला लावणारा कोण? आदित्य सरवटे! तो त्या सीझनआधी केरळला गेला होता. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला होता. दोन फायनल, दोन हिरो, दोघेही दुसऱ्याच्या जर्सीत. रक्ताचं नातं नाही हो, प्रोफेशनल क्रिकेट आहे. आम्ही पण तीन वर्षांत दोन कंपन्या बदलतोच की. कोणाला नावं ठेवायचा प्रश्नच नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. सरवटे गेला म्हणून विदर्भ कोसळला का? नाही. डावखुऱ्या स्पिनरची जागा मोकळी झाली आणि त्या जागेवर बावीस वर्षांच्या हर्ष दुबेने ६९ विकेट्स काढल्या. रिकामी खुर्ची हीच त्याची संधी ठरली.

आता येऊ ऑफ-सीझनकडे. कप जिंकल्यानंतरच्या महिन्यांत विदर्भाच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. करुण नायर कर्नाटकात परत गेला. आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. जितेशचं जाणं आमच्याकडे जास्त लागलं. त्याच वर्षी आरसीबीने आयपीएल जिंकली तेव्हा तो त्या टीमचा विकेटकीपर होता, लखनौविरुद्ध ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ मारून आला होता. पण रणजीत कप्तान अक्षय वाडकर स्वतःच कीपर, त्यामुळे लाल बॉलच्या संघात जितेशला जागा निघणं कठीणच होतं.

तर गरजांची यादी अशी: चौथ्या नंबरचा बॅट्समन, वन-डे आणि टी-२० साठी मारणारा कीपर, आणि एक फास्ट बोलर, कारण २०२४ ची फायनल खेळलेला उमेश यादव २०२५ च्या फायनलमध्ये नव्हता. सोपा उपाय म्हणजे आणखी एक पाहुणा आणा. जाफर आणला तेव्हा फळला, करुण आणला तेव्हाही फळला. मी पाहुण्यांच्या विरोधात अजिबात नाही. ३ बाद २४ असताना करुण समोर नसता तर दानिशचे १५३ झाले असते का? मला शंका आहे. पाहुणा नुसत्या धावा करत नाही, शेजारच्याला खेळायला शिकवतो.

पण शिकून झाल्यावर शिकलेल्याला जागा हवी ना? करुण गेल्यावरच्या पहिल्या मोठ्या मॅचमध्ये विदर्भाला ज्याने तारलं, तो फायनलला बाहेर बसलेला अकोल्याचा मुलगा होता. फायनलचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, कप आला म्हणजे निर्णय बरोबर. मी एवढंच म्हणतो की चौथ्या नंबरसाठी दुसऱ्या राज्याला फोन करण्याआधी आपल्याच रजिस्टरवरची नावं एकदा वाचावीत.

आणि ते रजिस्टर पश्चिमेकडे जरा जास्त भरावं. अकोला ते नागपूर अडीचशे किलोमीटर. माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, डावखुरा स्पिनर होता. आमच्याकडे मॅटिंगवर त्याचा बॉल असा उसळायचा की पोट्टे हेल्मेट मागायचे. ट्रायलसाठी रात्रीच्या गाडीने, जनरल डब्यात दाराशी बसून, नागपूरला गेला. सकाळी आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर बोलिंग टाकली. बॉल उसळलाच नाही. सहा-सात ओव्हर्स झाल्या, थँक यू. त्याच्यावर अन्याय झाला असं तो स्वतःही म्हणत नाही. "बे, मले ती माती समजाले एक महिना पायजे होता, मले एक सकाळ भेटली," असं म्हणतो. आता अमरावतीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. जोरात चालतं.

तर माझ्या मते ऑफ-सीझनची खरी गरज ही आहे: त्या एका सकाळीचा एक महिना करणं. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाण्याच्या पोरांना ट्रायलच्या आधी टर्फवर सामने. चार-पाच दिवसांचे नाही तर निदान दोन दिवसांचे. करोडोंचा प्रोजेक्ट नाही हा. पुढचा हर्ष दुबे कुठून येईल ते कोणाला माहीत? पण तो आधीच हार्डवेअरच्या दुकानात बसला तर नक्कीच येणार नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला मावसभाऊ आला. मामांनी त्याला अथर्वची इनिंग पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तो ऐकत होता. मग मामाच म्हणाले, "पाव्हण्याले पाट देल्ला त हरकत नाई. पण घरच्या पोट्ट्याले उंबरठ्यावर किती दिवस उभं ठेवान?"

मावसभाऊ हसला. आपट्याची पानं हातात घेतली आणि अंगणात जाऊन मामांच्या नातवाला म्हणाला, "आण बे तो बॉल. ग्रीप दाखवतो."