विचाराचें बीजगणित

मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे, असें फार प्राचीन काळापासून सांगत आले आहेत. परंतु विचार करणें म्हणजे नेमकें काय करणें, हा प्रश्न मोठा अवघड आहे. ग्रीस देशांत आरिस्टॉटलनें आणि आपल्या देशांत न्यायशास्त्रकारांनीं योग्य अनुमान कोणतें व सदोष अनुमान कोणतें याची बारकाईनें छाननी केली. तर्क हा गणितासारखा पाटीवर मांडून सोडवितां यावा, असें स्वप्न सतराव्या शतकांत जर्मन पंडित लायब्निट्स यानें पाहिलें. पण तें त्याच्या हातून पुरें झालें नाहीं. तें ज्यानें पुष्कळ अंशीं खरें केलें तो एका लहानशा शाळेचा मास्तर होता. त्याच्या कामापासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंतचा मार्ग सरळ नाहीं, पण अखंड आहे.

जॉर्ज बूल याचा जन्म १८१५ सालीं इंग्लंडांतील लिंकन या गांवीं झाला. बाप जोडे शिवण्याचा धंदा करी. पण त्याचें चित्त धंद्यापेक्षां दुर्बिणी व भिंगें यांत अधिक रमे. घरची स्थिति बेताची. त्यामुळें वयाच्या सोळाव्या वर्षीं बूलला शिक्षकाची नोकरी धरावी लागली, आणि वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच त्यानें स्वतःची शाळा काढली. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधींच चढला नाहीं. मोठमोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ त्यानें शाळा सांभाळून स्वतःच्या बळावर वाचले. १८४७ सालीं त्यानें तर्कशास्त्राचें गणिती विवेचन करणारें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं ऑगस्टस डी मॉर्गन याचाही तर्कशास्त्रावरील ग्रंथ निघाला. हा गणिती १८०६ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत मदुरा येथें जन्मला होता. दोन वर्षांनीं, हातीं पदवी नसतांही, बूलची आयर्लंडांतील कॉर्क येथील कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विचाराच्या नियमांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८५४ सालीं बाहेर पडला.

बूलची मूळ कल्पना ऐकावयास अगदीं साधी आहे. टोपलींतून तांबडीं फुलें निवडलीं, आणि त्या निवडलेल्या फुलांतून पुन्हां तांबडीं फुलें निवडलीं, तर हातीं तींच फुलें राहतात. या निवडीस ‘क्ष’ म्हटलें व एकामागून एक निवड करण्यास गुणाकार म्हटलें, तर क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष असें समीकरण मिळतें. नेहमींच्या अंकगणितांत हें समीकरण फक्त दोनच संख्यांना लागू पडतें : ० आणि १. बूलनें हाच धागा पकडला. विधानांच्या बाबतींत १ म्हणजे सत्य व ० म्हणजे असत्य. पुढील शास्त्रज्ञांनीं या पद्धतीस घासूनपुसून जें रूप दिलें, तें विधानांचें तर्कशास्त्र होय. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाहीं’ व ‘जर–तर’ हे त्यांतील मुख्य शब्द. सुट्या विधानांचें खरेंखोटेंपण कळलें कीं त्यांपासून बनलेल्या मोठ्या विधानाचें खरेंखोटेंपण कोष्टक मांडून काढतां येतें. त्यास प्रतिभा लागत नाहीं. पाढे पाठ असावेत तसे नियम पाठ असले म्हणजे पुरे.

एक घरगुती उदाहरण घेतां येईल. ‘जर गाडी वेळेवर सुटली असेल, तर पाहुणे दहाच्या आंत घरीं येतील’ हें एक विधान. दहा वाजून गेले व पाहुणे आले नाहींत; म्हणून गाडी वेळेवर सुटली नाहीं. हें अनुमान निर्दोष आहे. उलट, पाहुणे दहाच्या आंत आले, म्हणून गाडी वेळेवर सुटली, हें अनुमान सदोष आहे. पाहुणे मोटारीनेंही आले असतील. पण निर्दोष अनुमानाचाही निष्कर्ष चुकूं शकतो. गाडी अगदीं वेळेवर सुटली, आणि पाहुणे वाटेंत भाचीकडे थांबले, असेंही घडतें. तेथें दोष तर्काचा नव्हे, पहिल्या विधानाचा. जात्यांत जें घालावें त्याचेंच पीठ निघतें. बूलच्या बीजगणिताचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका गोष्टींत आली.

१८६४ सालीं बूल भर पावसांत सुमारें तीन मैल चालत कॉलेजांत गेला, ओल्या कपड्यांनींच त्यानें व्याख्यान दिलें, आणि त्यानंतर जडलेल्या दुखण्यांत वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं तो वारला. पुढें १८६९ सालीं जेव्हन्स यानें पियानोसारख्या पट्ट्या असलेलें एक तर्कयंत्र तयार करविलें. पट्ट्या दाबून विधानें घातलीं कीं त्यांच्याशीं विसंगत असलेले पर्याय तें गाळून टाकी. पण व्यवहारांत त्याचा उपयोग फारसा झाला नाहीं.

तो उपयोग १९३७ सालीं अमेरिकेंत दिसून आला. क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मिशिगन विद्यापीठांत बूलचें बीजगणित अभ्यासलें होतें. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत विजेच्या खटक्यांचीं जाळीं पाहतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, हीं त्या बीजगणिताचींच रूपें आहेत. एका तारेवर दोन बटणें ओळीनें बसविलीं, तर दोन्हीं दाबल्याशिवाय दिवा लागत नाहीं, हें ‘आणि’. तीं दोन निरनिराळ्या वाटांवर बसविलीं, तर कोणतेंही एक पुरतें, हें ‘किंवा’. जिन्याच्या दिव्याला खालीं एक व वर एक बटण असतें. कोणतेंही एक फिरविलें कीं दिव्याची स्थिति बदलते. हें ‘दोहोंपैकीं एक, परंतु दोन्ही नव्हेत’ असें तर्कवाक्य आहे. शॅननच्या प्रबंधानें विजेच्या जोडण्या कागदावर गणित करून आंखतां येऊं लागल्या, आणि आजचा प्रत्येक संगणक याच पायावर उभा आहे.

यंत्र बेरीज करतें तसें सिद्धही करील काय, हा पुढचा प्रश्न. १९५५ सालच्या एका योजनापत्रांत जॉन मॅकार्थी, शॅनन इत्यादि चौघांनीं ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हें नांव योजिलें, आणि १९५६ च्या उन्हाळ्यांत डार्टमथ कॉलेजांत तिच्यावर चर्चा भरली. त्याच सुमारास ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन व क्लिफ शॉ हे विधानांचे सिद्धांत सिद्ध करणारी एक आज्ञावली रचीत होते. संगणकावर ती अद्याप चालत नव्हती. तेव्हां १९५६ च्या जानेवारींत सायमन यांनीं पत्नी, तीन मुलें व कांहीं विद्यार्थी यांना एकत्र बसविलें आणि प्रत्येकाच्या हातीं एकेक कार्ड दिलें. प्रत्येकानें आपल्या कार्डावरचें काम तेवढें करावयाचें. अशा रीतीनें तें कुटुंबच घटकाभर यंत्र झालें. पुढें खऱ्या यंत्रानें रसेल व व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणांतील पहिल्या ५२ सिद्धांतांपैकीं ३८ सिद्ध केले. एका सिद्धांताची यंत्रानें काढलेली सिद्धता तर मूळ ग्रंथांतील सिद्धतेहून सुटसुटीत होती.

परंतु अडचणही तेथेंच उभी राहिली. दहा विधानांच्या कोष्टकास १,०२४ ओळी लागतात, विसांच्या कोष्टकास १०,४८,५७६, आणि तिसांच्या कोष्टकास १,०७,३७,४१,८२४. सर्व वाटा तपासूं म्हटलें तर यंत्रही थकेल. म्हणून कोणती वाट आधीं धरावी याचे अनुभवी ठोकताळे यंत्रास शिकवावे लागले. दुसरी अडचण पाहुण्यांच्या उदाहरणांतील. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्ड विद्यापीठांत रक्तांतील जंतुसंसर्गाविषयींचें डॉक्टरांचें ज्ञान सुमारें ६०० ‘जर–तर’ नियमांत बसविलें गेलें. त्या अरुंद क्षेत्रांत त्याचा सल्ला चांगला असे. क्षेत्राबाहेर पाऊल पडलें कीं त्यास कांहींच सांगतां येत नसे. सामान्य व्यवहारज्ञान नियमांत मावेना.

दुसरा पंथ १९४३ पासूनच चालूं होता. मॅकलक व पिट्स यांनीं त्या वर्षीं मेंदूंतील पेशींचें जाळें तर्कवाक्यांच्या रूपानें मांडलें. पुढें उदाहरणांवरून स्वतः शिकणारीं जाळीं निघालीं. पण १९६९ सालीं मिन्स्की व पॅपर्ट यांनीं दाखवून दिलें कीं, एकपदरी जाळ्यास जिन्याच्या दिव्याचें तें साधें तर्कवाक्यही शिकतां येत नाहीं. त्यास अधिक पदर हवे होते, आणि अनेकपदरी जाळ्यास शिकविण्याची परिणामकारक रीत १९८६ सालीं रूमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या लेखामुळें सर्वत्र पसरली. आज मनुष्यासारखी भाषा लिहिणारीं यंत्रें याच पंथाचीं होत.

यांतील जेफ्री एव्हरेस्ट हिंटन हे जॉर्ज बूलचे खापरपणतू. बूलची पत्नी मेरी ही हिंदुस्थानचे भूमापनप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. तें आडनांव हिंटन यांच्या नांवांत अद्याप टिकून आहे. विचार म्हणजे नियमानें चाललेली गणना, असें खापरपणजोबांनीं मांडलें. विचार नियमांतून नव्हे, असंख्य उदाहरणांच्या संस्कारांतून उपजतो, या मतासाठीं खापरपणतू जन्मभर झगडले. त्यांस २०२४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड यांजबरोबर विभागून मिळालें. आणि त्याच्या आदल्याच वर्षीं या यंत्रांच्या धोक्यांविषयीं मोकळेपणीं बोलतां यावें म्हणून त्यांनीं गूगल कंपनीची नोकरी सोडली होती.

या दोन पिढ्यांच्या वादांत कोणी हरलें असें नाहीं. बूलच्या यंत्राचें उत्तर अचूक, पण त्यास जगाचें ज्ञान नाहीं. नव्या यंत्रानें जगाविषयीं पुष्कळ वाचलें आहे, पण त्याच्या अस्खलित वाक्यांत अनुमानाची हमी नाहीं. म्हणून आज जुन्या शाळामास्तराची शिकवण अधिकच अगत्याची झाली आहे. उत्तर यंत्राचें असो वा मनुष्याचें, त्यास तीन प्रश्न विचारावे : काय गृहीत धरलें? त्यावरून हें खरोखर निघतें काय? आणि जें गृहीत धरलें तें खरें आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बीजगणित देऊं शकतें. पहिला व तिसरा मात्र ऐकणाऱ्यानें स्वतःच विचारावयाचा आहे.