यजमान निवडताना

सिल्वाशाच्या कारखानदाराला जागेची पारख कुणी शिकवावी? करसवलतीच्या दिवसांत पिपरिया, मसाट, आमली, नरोली इथे ज्यांनी प्लॉट घेतले, त्यांनी वापीचे स्टेशन किती लांब, पावसाळ्यात ट्रक रुततो का, वीज किती वेळ जाते, शेजारच्या शेडमध्ये काय शिजते, हे सगळे पाहून मगच सही केली. त्याच कारखान्याची वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर ठेवली आहे असे विचारा. ‘भाच्याने करून दिली, वर्षाला काहीतरी भरतो’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. साइटला जागा देणाऱ्या कंपनीला इंग्रजीत होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. आपण कुणाकडे उतरलो आहोत हे पाहुण्यालाच ठाऊक नसावे, ही गंमत या विषयाच्या दारातच भेटते.

आत येणाऱ्याने एक समजूत बाहेर ठेवावी. चांगला होस्ट घेतला की गूगलमध्ये पहिला नंबर, असे विकणारे सांगतात. ९ एप्रिल २०१० रोजी गूगलने साइटचा वेग क्रमवारीत धरला जाईल असे जाहीर केले, तो दिवस होस्टिंगच्या बाजारात अजून साजरा होतो. त्याच निवेदनात हेही होते की याचा परिणाम शंभरातल्या एकाहूनही कमी शोधांवर होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, क्रमवारीत धरली गेली, तेव्हाही प्रमाण तेच सांगितले होते. जाहिरातीत पहिले वाक्य येते, दुसरे गळते. माझे मत उलट्या बाजूने आहे: यजमान तुम्हाला वर चढवत नाही, पण वाईट यजमान खाली नक्की ओढतो. म्हणून अभ्यास करायचा तो खाली ओढण्याच्या वाटांचा.

पहिली वाट बंद दाराची. गूगलबॉट हा शोधयंत्राचा वाचक कुठल्याही साइटवर आला की आधी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही छोटी फाइल मागतो. काय वाचायचे, काय नाही, हे त्यात लिहिलेले असते. फाइल मुळात नसेल तर तो खुशाल आत शिरतो. पण सर्व्हरच कोलमडला आणि ५००च्या घरातला त्रुटीक्रमांक परत आला, तर पहिले बारा तास तो साइटचे एकही पान वाचत नाही. परवानगी विचारायलाच कुणी नाही, मग आत कसे जायचे, असा हा सभ्य पाहुणा. इतर पानांवर अशा त्रुटी वाढल्या की तो फेऱ्या कमी करतो, आणि त्या टिकून राहिल्या तर पाने यादीतून गळतात. ‘९९.९ टक्के चालू’ अशी हमी वाचताना मनात गणित करावे: वर्षाला पावणेनऊ तास बंद. हे तास रविवारी पहाटे गेले तर ठीक. परदेशी ग्राहक कोटेशनसाठी शोधत असताना गेले तर नाही.

दुसरी वाट अंतराची, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. कारखाना सिल्वाशात, म्हणून सर्व्हर मुंबईत हवा, हा हिशेब अर्धाच बरोबर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर इथून बारा-तेरा हजार किलोमीटर दूर, म्हणजे एका जाण्यायेण्याला सेकंदाचा आठवा भाग कुठल्याही पैशाने वाचत नाही. पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या लागतात. पण हे अंतर मोजायचे ते गिऱ्हाइकापासून. सुताचा खरेदीदार सुरतेचा किंवा भिवंडीचा असेल तर मुंबईच. जर्मनीचा असेल तर मुंबईचा सर्व्हर त्याला लांबच. गूगलचे मोजमापही खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांच्या अनुभवावर चालते: मागच्या २८ दिवसांतल्या शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. मालकाच्या केबिनमधल्या वायफायवर साइट कशी पळते, याला तिथे किंमत नाही.

शेजाऱ्यांची भीती मात्र फुगवलेली आहे. एकाच सर्व्हरवर दुसरी कुणाची फसवी साइट आहे म्हणून तुमची बुडत नाही. सामायिक पत्ता ही जगभरची रीत आहे. शेजारी सगळा प्रोसेसर खातो आणि तुमचे पान रांगेत उभे राहते, तक्रार करायची ती याची.

सगळ्यांत महाग पडतो तो फुकटचा यजमान. मराठीतल्या कितीतरी हौशी पानांचे पहिले घर जिओसिटीज होते. याहूने ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. गूगलने छोट्या दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलबरोबर दिलेल्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये मिटवल्या, काही महिने पत्ता पुढे वळवला आणि मग तेही थांबले. त्या पत्त्यावर साठलेली ओळख कुणाला मागे घेता आली नाही. आणखी एक जुनी जखम होस्टची नव्हे, पण इथे सांगितलीच पाहिजे: युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइट स्वतःच्या फॉन्टांत होत्या. वाचकाला देवनागरी दिसे, यंत्राला खाली रोमन अक्षरांचा चिवडा. सर्व्हर उत्तम असूनही शोधात शून्य. सिल्वासा, सेलवास, सेल्वास अशी एका गावाची तीन रूपे लिहिणाऱ्यांनी, यंत्र फक्त अक्षरे वाचते, हे ध्यानात धरावे. ते दुखणे कुठलाही यजमान बरे करणार नाही.

घर बदलणे पाप नाही. नवा सर्व्हर आधी भरावा, डोमेनला, म्हणजे साइटच्या नावाला, सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदींची (डीएनएस) मुदत दोन-चार दिवस आधीच कमी करून ठेवावी, आणि जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत गूगलबॉटची पावले थांबेपर्यंत जुने भाडे भरत राहावे. पत्ता तोच राहिला तर क्रमवारीला सहसा धक्का लागत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढची पाने उलटण्याआधी एवढे करा: तुमचे डोमेन तुमच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर नोंदलेले आहे की भाच्याच्या, हे आजच पाहून घ्या.