डुलकी ड्रायव्हरला लागली, पण दोषी कोण?

२६ जानेवारी २०१८, प्रजासत्ताक दिनाची रात्र. कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून एक मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ माणसं गेली. बातम्यांत नेहमीचंच वाक्य आलं : चालकाचा ताबा सुटला. त्या रात्री नेमकं काय घडलं याचा निवाडा आम्ही इथे करत नाही. आमचा प्रश्न या वाक्याला आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कुठेही गाडी उलटली की हेच वाक्य छापून येतं आणि चौकशी तिथेच संपते. चालक किती तासांपासून जागा होता, हे कुणी विचारत नाही. दारू तपासायला यंत्र आहे, झोप तपासायला नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात फक्त तीन सेकंद डोळा लागला, तरी गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर वाऱ्यावर धावते.

यात आंबेडकरी चळवळीचं काय, असं काही मित्र विचारतील. त्यांना आम्ही आधी चाळीसगावला नेतो.

ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यात जायचं होतं, पण अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. मग वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेला. आजच्या भाषेत याचीही नोंद 'चालकाचा ताबा सुटला' अशीच झाली असती. बाबासाहेबांनी पुढे ही हकिकत लिहिली तेव्हा ते हाकणाऱ्यापाशी थांबले नाहीत. ते टांगेवाल्यांच्या नकारापर्यंत, म्हणजे जातीपर्यंत गेले. अपघाताचं कारण लगामापाशी नाही, लगामामागच्या व्यवस्थेत शोधायचं, हा धडा तिथला आहे.

त्याआधी कोल्हापुरात काय घडलं होतं? राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्यांना माहूत, कोचमन, मोटार ड्रायव्हर म्हणून नेमलं. चाळीसगावचा टांगेवाला ज्यांना शेजारी बसवायला तयार नव्हता, त्यांच्या हाती इथे लगाम आणि स्टिअरिंग आलं होतं. १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानातलं महार वतन रद्द केलं. हे वतन म्हणजे काय होतं? वेळेचं बंधन नसलेली राबणूक. निरोप पोचवा, ओझं वाहा, साहेबाच्या गाडीपुढे धावा, रात्री-अपरात्री हाक आली की उठा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडताना बाबासाहेबांनी याच जागी बोट ठेवलं : वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील, आणि तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला राबवायचं. माणसाच्या दिवसाचे सगळेच तास दुसऱ्याचे असतील तर तो गुलाम, हा त्या मांडणीचा अर्थ होता.

हाच माणूस १९४२ मध्ये व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाला. त्यांच्या काळात १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने हीच मर्यादा ड्रायव्हर-क्लीनरला दिली : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर १० आणि ५४. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तासांची सुट्टी, आणि रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली.

आता कागदावरून रस्त्यावर या. उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या यार्डात रात्री जाऊन बघा. नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ट्रॉलीखाली गोणपाटावर पडलेला असतो. पैसे खेपेवर किंवा टनावर. झोपला तर खेप बुडाली. गव्हाणीत ऊस पडला की लगेच परत फडाकडे. विश्रांतीची खोली सोडा, तोंड धुवायला नळ मिळाला तरी नशीब.

कायदा कुठे गेला? १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर तेव्हाही बाहेरच राहिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा कायदा पोटात घेतला आणि पाचाची अट दहावर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू आहे. म्हणजे पाच ते नऊ कामगारांच्या व्यवसायातला ड्रायव्हरही आता बाहेर. याला सुधारणा म्हणायचं?

ड्रायव्हर सगळ्या जातींचे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ४८ तास मिळवले तेही सगळ्या जातींच्या कामगारांसाठीच. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे.

तेव्हा कोल्हापूरच्या तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीइतकंच हेही काम समजा. माहितीच्या अधिकारात कामगार कार्यालयाला विचारा : जिल्ह्यात किती वाहतूक व्यवसाय नोंदलेले आहेत, किती तपासले, तासांची नोंदवही किती ठिकाणी सापडली? कारखान्याकडे यार्डात विश्रांतीगृह मागा. रात्रभराच्या खेपेला दोन ड्रायव्हर मागा. आणि अपघातानंतर कुणी 'ताबा सुटला' म्हणालं, तर एकच प्रश्न करा : त्याच्या झोपेवर ताबा कोणाचा होता?

जय भीम!