तलाव राखणे म्हणजे काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा मुलूख तलावांचा. येथील तलाव बांधण्यात आपल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांचा मोठा वाटा आहे, हे सर्वश्रुतच आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, अशी परंपरा सांगते. परंतु केवळ पूर्वजांचे गोडवे गाण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही.

मालगुजारीच्या काळी पावसाळ्यापूर्वी पाळ तपासणे, तुडुम म्हणजे पाणी सोडण्याचे दार दुरुस्त करणे, गाळ काढून शेतात टाकणे, ही कामे होत. त्यांत वेठही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणी ऊस व धानासाठी राखले जाई. तथापि उथळ काठावर देवधान व पाणवनस्पती वाढत आणि त्यांच्या आश्रयाने मासे, बदके व सारस नांदत. या वनस्पतींची खरी ओळख धीवर बांधवांना होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव शासनाकडे आले. हे न्याय्यच झाले. पण मालकीबरोबर तलावावरची नित्याची नजरही गेली. गाळ साचला, बेशरम माजली, काठ आक्रसले.

शिक्षक असताना मी मुलांकडून आमच्या बोडीची नोंद ठेवून घेत असे: पाणी किती, वनस्पती कोणत्या, पक्षी किती. पुढे गाळ काढण्याचे काम निघाले. त्याची मागणी करणाऱ्यांत मीही होतो. बोडी काठापासून काठापर्यंत सारखी खोल झाली. त्या हिवाळ्यात पाणी भरपूर होते. मात्र उथळ पाण्यात चरणारा एकही पक्षी वहीत नोंदविता आला नाही. चूक त्या वहीनेच मला दाखविली.

महाराष्ट्रातील सारस आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. वनविभाग व स्वयंसेवक त्याची गणना करतात. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याच्या रक्षणाची स्वतःहून दखल घेतली. परंतु गणनेच्या दिवसाव्यतिरिक्त तलाव पाहणार कोण?

ज्ञातिबांधवांस माझी नम्र विनंती एवढीच : प्रत्येक गावाने आपल्या तलावाची वही ठेवावी. गाळ काढण्यापूर्वी ती पाहावी, एक काठ उथळ राखावा, बेशरम उपटावी, पाणवनस्पती खाऊन टाकणारा गवत्या मासा सोडू नये आणि धीवरांचा सल्ला आधी घ्यावा. पूर्वजांनी तलाव बांधले. ते जिवंत ठेवणे आपल्या हाती आहे.